कै. वा. सी. बेंद्रे यांचें संभाजीचरित्र : एक फेरतपासणी

कै. वासुदेव सीताराम बेंद्रे यांचा ‘छत्रपति संभाजी महाराज’ हा ग्रंथ १९६० सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथ छापून निघाला त्या वेळीं ग्रंथकर्त्यांचें वय सहासष्ट वर्षांचें होतें आणि ह्या एका विषयापाठीमागें त्यांचीं सुमारें चाळीस वर्षें खर्चीं पडलीं होतीं. ह्या चाळीस वर्षांत जें मत त्यांनीं धरून ठेविलें, तें आरंभीं जवळजवळ कोणाचेंच नव्हतें. आज तें बहुतेक सर्वांचें झालें आहे; इतकें, कीं ग्रंथ न उघडतांच त्याचा निर्णय लोक तोंडपाठ म्हणतात. ग्रंथ मान्य झाला कीं तो वाचण्याचें बंद होतें, हा अनुभव आम्हां कागद चाळणारांस नवा नाहीं. म्हणून हा ग्रंथ व त्यामागून उभा राहिलेला पक्ष ह्यांच्या प्रमाणांपैकीं कोणतें पक्कें आणि कोणतें कच्चें, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. करवीर प्रांतांतील ज्या घरांतून जुने रुमाल अजून शिल्लक आहेत, त्या घरांशीं ह्या चर्चेचा संबंध किती निकटचा आहे तें पुढें दिसून येईल. (तारखा सर्वत्र जुन्या इंग्रजी पंचांगाच्या आहेत.)

प्रथम बेंद्रे यांनीं लेखणी हातीं घेतली त्या काळचें लोकमत कसें होतें तें पाहूं. संभाजीमहाराजांचा वध ११ मार्च १६८९ रोजीं झाला. त्यांच्या स्वभावाचें व कारभाराचें जें चित्र पुढें रूढ झालें, त्याचा मुख्य आधार मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. ती १८१० च्या सुमारास साताऱ्यास लिहिली गेली, म्हणजे वधानंतर सुमारें एकशें वीस वर्षांनीं. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं आपला इतिहास छापिला त्यांत ह्या चित्राचा बराचसा रंग उतरला. डफचें मराठी भाषांतर झालें, त्यावरून शाळांतलीं पुस्तकें झालीं आणि पुस्तकांवरून नाटकें. गडकऱ्यांचें ‘राजसंन्यास’ त्यांच्या १९१९ मधील निधनामुळें अपुरें राहिलें. तरी त्यांतला संभाजी पुरा झाला होता असें म्हणावयास हरकत नाहीं. औंधकरांच्या ‘बेबंदशाही’चें नांवच निकाल सांगून मोकळें होतें. बखर, शाळापुस्तक व नाटक ह्या तिन्ही ठिकाणीं मूळ साक्षीदार बहुधा एकच. फक्त तो तीन वेशांत उभा राहिलेला. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यासारख्या सावध इतिहासकारानेंहि १९३५ सालीं ह्या कारकीर्दीवरील आपल्या भागास ‘उग्रप्रकृति संभाजी’ असें नांव दिलें. कोल्हापुरांत तर दंतकथेस पडदाहि मिळाला: भालजी पेंढारकरांचा ‘थोरातांची कमळा’ हा बोलपट १९४१ चा.

अशा स्थितींत एकट्या माणसानें ‘हें चित्र खोटें आहे’ असें म्हणणें सोपें नव्हतें, आणि नुसतें म्हणून कांहीं निष्पन्नहि झालें नसतें. बेंद्रे यांचा भरंवसा कशावर होता? आमच्या मतें तो महाराजांच्या थोरवीवर जितका होता त्याहून अधिक तारखांवर होता. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली प्रसिद्धीस आणिली. तोंपर्यंत ह्या कालखंडास विश्वसनीय असा घटनाक्रमच नव्हता. बखरकार एका वर्षाची गोष्ट दुसऱ्या वर्षीं बिनदिक्कत सांगे, आणि त्यास अडविणार कोण व कशाच्या जोरावर? शकावलीनें महिना, पक्ष व तिथि पुढें ठेविली. बेंद्रे यांच्या अभ्यासाचा आरंभ त्याच सुमाराचा आहे, आणि हा योग आम्ही महत्त्वाचा समजतों. १९२८ सालीं त्यांनीं ‘साधन-चिकित्सा’ लिहिली. अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, कोणाच्या साक्षीस किती मोल द्यावें, हा त्या पुस्तकाचा विषय. चरित्र लिहिण्यापूर्वीं बत्तीस वर्षें ज्यानें साक्षीदार तपासण्याचे नियम छापून ठेविले, त्यास त्याच नियमांनीं बांधून घेण्याचा हक्क आम्हांस पोंचतो. १९३१ सालीं पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें इंग्रजांच्या वखारींतील पत्रव्यवहार छापिला. १९३८ च्या सुमारास बेंद्रे स्वतः इंग्लंडांत जाऊन तेथील दफ्तरें पाहून आले. नवें साधन हातीं आलें कीं जुनें चित्र त्याच्याशीं ताडून पाहावयाचें, ह्यापलीकडे त्यांची कांहीं युक्ति नव्हती. ज्यास आपलें मत खोटें ठरण्याची भीति असते तो तारखांच्या वाटेस जात नाहीं, विशेषणांवर भागवितो.

सोयराबाईंचें प्रकरण घ्या. बखर सांगते कीं रायगड हातीं येतांच संभाजीमहाराजांनीं सावत्र आईस भिंतींत चिणून मारिलें. हा आरोप सर्व आरोपांत भयंकर आणि नाटककारांच्या सर्वांत सोयीचा. आतां क्रम पाहा. शिवछत्रपति ३ एप्रिल १६८० रोजीं निवर्तले. त्याच महिन्याच्या २१ तारखेस रायगडीं राजारामांस मंचकीं बसविण्यांत आलें. संभाजीमहाराज पन्हाळ्याहून निघून जूनमध्यें रायगडीं पोंचले, आणि १६ जानेवारी १६८१ रोजीं त्यांचा विधियुक्त राज्याभिषेक झाला. १६८१ च्या पावसाळ्यांत त्यांच्याविरुद्ध पुन्हां कट झाला, विषप्रयोगाचा यत्न झाला. त्याची वार्ता इंग्रजांच्या पत्रांतहि आहे. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी, हिरोजी फर्जंद इत्यादि मंडळींस त्याबद्दल देहान्त शिक्षा झाली. सोयराबाईंचा मृत्यु त्यानंतरचा, ऑक्टोबर १६८१ मधला. म्हणजे रायगडप्रवेशानंतर सोळा महिने बाई हयात होत्या. बखरकारानें सोळा महिने गाळले आणि गाळलेल्या जागेंत भिंत बांधली. बेंद्रे यांनीं ती पाडली ती दोन तारखा शेजारीं शेजारीं ठेवून. तेथें त्यांस एकहि विशेषण खर्चावें लागलें नाहीं.

परंतु येथेंच परीक्षकास थांबून एक भेद करावा लागतो. भिंतीची कथा गेली म्हणजे त्या मृत्यूचा सर्व प्रश्न मिटला असें नव्हे. कटवाल्यांच्या शिक्षा आणि बाईंचा मृत्यु ह्यांमध्यें फार थोडें अंतर आहे, आणि तें अंतर कोणाहि प्रामाणिक वाचकाच्या डोळ्यांत भरेल. तारीख जेवढें सिद्ध करिते तेवढेंच घ्यावें: बखर सांगते त्या वेळीं आणि त्या रीतीनें ही गोष्ट घडली नाहीं. तेवढेंहि पुष्कळ आहे. बेंद्रे यांच्या पक्षाचे कित्येक लेखक मात्र आणखी एक पाऊल टाकून मायलेकरांचा अखंड स्नेह वर्णूं लागतात, आणि आधारास ऑगस्ट १६८० चें संस्कृत दानपत्र पुढें करितात.

ह्या दानपत्राविषयीं थोडें लिहिणें संग्राहकांच्या उपयोगाचें आहे. कुडाळच्या नामदेवभट्ट बाकरे यांस दिलेला हा लेख. त्यावर महाराजांच्या स्वहस्ताची संमतीची ओळ आहे, म्हणून त्याची योग्यता फार मोठी. त्यांत सोयराबाईंचें मन स्फटिकासारखें निर्मळ म्हटलें आहे व दोष मंत्र्यांकडे दिला आहे. आतां हा लेख अलंकारिक संस्कृतांत, पंडिती वळणाचा आणि धर्मदानाच्या प्रसंगाचा. गादीवर येऊन दोन महिने झालेला राजा अशा लेखांत घरांतल्या वैराची कबुली देईल, ही अपेक्षाच चूक. तेव्हां अंतःकरणाचा पुरावा म्हणून तो धरणें धाडसाचें आहे. परंतु १६८० च्या पावसाळ्यांत दरबारचें अधिकृत म्हणणें काय होतें, आणि सोयराबाईंस दोषी ठरविण्याचा दरबारचा विचार नव्हता, ह्याचा तो निःसंशय पुरावा आहे. ज्यानें सावत्र आईस नुकतेंच चिणून मारिलें, तो राजा दोन महिन्यांनीं तिच्या निर्मळ मनाची ग्वाही स्वतःच्या हस्ताक्षरानें देणार नाहीं. दानपत्रावरून एवढें काढावें. अधिक काढण्याचा मोह आवरावा.

ह्या पक्षाचा सर्वांत लोकप्रिय झालेला युक्तिवाद आमच्या मतें सर्वांत अशक्त आहे. तो असा: बाळाजी आवजींस संभाजीमहाराजांनीं मारविलें, मल्हार रामराव हे बाळाजींचे वंशज, म्हणून त्यांनीं सूडानें बखर काळी केली. ऐकावयास हें चोख वाटतें. पण बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ पुढें संभाजीमहाराजांच्याच सेवेंत राहिले. महाराजांच्या मागें ते राजारामांच्या पडत्या काळांत त्यांच्या पाठीशीं उभे राहिले आणि शेवटीं शाहूमहाराजांच्या पक्षास मिळाले. साताऱ्याची गादी ही शाहूंची, म्हणजे संभाजीमहाराजांच्याच पुत्राची. मधून दत्तक आले तरी गादी तीच. त्या गादीच्या सावलींत बसून, धन्याच्या पूर्वजाविरुद्ध सव्वाशें वर्षांपूर्वींचा घरगुती सूड उगवावा आणि धन्यानें तो गोड मानून घ्यावा, हें विलक्षण आहे. आमचा तर्क निराळा आहे. बखर लिहिणारापुढें कागद थोडे आणि सांगीव गोष्टी फार होत्या. शत्रूच्या हातीं सांपडून मारल्या गेलेल्या राजाची लोकांत जी गोष्ट होते, कीं बाप थोर, मुलगा नाठाळ आणि म्हणून राज्य बुडालें, ती आयती तयार होती. बखरकारानें ती उचलली. कवि कलशाचें ‘कलुषा’ झालें तें एका चिटणिसाच्या लेखणीचें काम नव्हे. आपल्या शिक्क्यांत छंदोगामात्य म्हणविणारा हा परदेशी ब्राह्मण महाराष्ट्रांत कोणासच नको होता. त्याचें नांव लोकांच्या जिभेवर वांकून तसें झालें.

सूडाचा सिद्धान्त आणि दंतकथेचा सिद्धान्त ह्यांत फरक काय, असें कोणी विचारील. फरक कामाचा आहे. सूड मानला कीं एक बखर बाद करून भागतें. दंतकथा मानली कीं प्रत्येक बखरीची, प्रत्येक कैफियतीची, प्रत्येक करीन्याची निरनिराळी परीक्षा करावी लागते, आणि त्यांत ज्या बखरी आपल्या बाजूच्या म्हणून आपण जवळ धरितों त्यांचीहि सुटका होत नाहीं. दुसरें काम कष्टाचें म्हणून पहिलें लोकांस आवडलें असावें. ‘साधन-चिकित्सा’ लिहिणाराच्या नांवावर हा सोपा निकाल खपावा, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

आतां करवीर प्रांताकडे वळूं. कारण ह्या वादाचे दोन कठीण प्रसंग ह्या प्रांताच्या आसपास घडले. पहिला दिलेरखानाचा. युवराज संभाजी १६७८ च्या डिसेंबरांत मोंगल सरदार दिलेरखानास जाऊन मिळाले. त्या वेळीं ते एकवीस वर्षांचे होते. पुढल्या एप्रिलांत खानानें भूपाळगड घेतला तेव्हां ते त्याच्याबरोबर होते; गडावरील सुमारें सातशें लोकांचे एकेक हात तोडण्यांत आले. १६७९ च्या अखेरीस ते खानाच्या छावणींतून निसटून विजापुरास गेले आणि डिसेंबरांत पन्हाळ्यास पोंचले. शिवछत्रपति १६८० च्या आरंभीं पन्हाळ्यास येऊन पुत्रास भेटले. बापलेकांची ती शेवटची भेट.

ह्या प्रकरणीं अलीकडील कित्येक लेखकांनीं असें मत मांडिलें आहे कीं हें सारें शिवछत्रपतींच्याच संमतीनें रचलेलें राजकारण होतें. हें मत टाकून द्यावें असें आम्ही स्पष्ट म्हणतों. त्यास त्या काळचा एकहि कागद आधारास नाहीं. तें मान्य केलें तर भूपाळगडच्या सातशें तुटलेल्या हातांचा हिशेब त्या राजकारणाच्या खर्चीं टाकावा लागेल, आणि जमेच्या बाजूस कांहींच मांडतां येणार नाहीं. नायकाचा एक दोष झांकण्यासाठीं पिता-पुत्र दोघांसहि त्याहून मोठ्या दोषाचे धनी करणें, ही भक्ति कसली? घरांत वारशाचा तंटा पेटलेला, मुलगा तापट, त्यानें जन्माची चूक केली. ती उमगल्यावर जीव धोक्यांत घालून तो परत आला. साधनांशीं हें जुळतें. त्यांत चरित्रनायकाची उंची कमी होते असें ज्यांस वाटतें, त्यांनीं चरित्रें न लिहितां आरत्या लिहाव्या.

उलट, ज्या पुराव्यावर ह्या पक्षानें सारा भर द्यावयास हवा होता, तो पन्हाळ्यावरच पडून आहे. शिवछत्रपतींच्या निधनापासून रायगडप्रवेशापर्यंतचीं दहा-अकरा आठवडीं संभाजीमहाराज पन्हाळ्यास होते. रायगड, खजिना व प्रधानमंडळ दुसऱ्या बाजूस. मोरोपंत पेशवे आणि अण्णाजी दत्तो त्यांस पकडण्यास निघाले. सेनापति हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे बंधु, राजारामांचे मामा. नात्यानें त्यांनीं भाच्याच्या गादीचें रक्षण करावें. त्यांनीं कऱ्हाडाजवळ दोघांहि मंत्र्यांस धरिलें आणि पन्हाळ्यास आणून संभाजीमहाराजांपुढें उभें केलें. मोंगलांकडून परत येऊन जेमतेम चार महिने झालेल्या, बखरी म्हणतात तशा व्यसनी व क्रूर राजपुत्रासाठीं मुरब्बी सेनापतीनें सख्ख्या बहिणीचा पक्ष सोडावा, हें कसें जुळावें? लष्कर ज्यास जवळून ओळखत होतें त्याच्याविषयीं लष्कराचें मत काय होतें, हें ह्या एका कृत्यावरून कळतें. चारित्र्याविषयीं शंभर सुभाषितें गोळा केलीं तरी त्यांस हें वजन येणार नाहीं.

दुसरा प्रसंग संगमेश्वरचा. कैद झाली त्या वेळीं राजा चैनींत गुंग होता, असें खाफीखानापासून बखरींपर्यंत सांगत आले आहेत. खाफीखान वधानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं ग्रंथ पुरा करणारा. जेध्यांची शकावली काय सांगते? शके १६१० च्या कार्तिकांत शिर्क्यांशीं कवि कलशाचा झगडा झाला व कलश खेळण्यास, म्हणजे विशाळगडास, पळाला. महाराज रायगडाहून आले, संगमेश्वरीं शिर्क्यांचा मोड करून खेळण्यास गेले. माघ वद्य सप्तमीस, म्हणजे १ फेब्रुवारी १६८९ रोजीं, संगमेश्वरीं कैद झाली. कैद करणारा शेख निजाम उर्फ मुकर्रबखान हा पन्हाळ्याच्या कामावर नेमलेला. तो कोल्हापुराकडून निवडक स्वार घेऊन, सह्याद्रि उतरून अचानक येऊन पडला. शेवटचे तीन महिने राजा घोड्यावर होता, घरभेद मिटवीत होता. गाफील राहिला हें खरें. गाफील राहणें आणि चैनींत बुडणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; बखरकारानें दुसरी लिहिली, कारण तिच्यांत गोष्ट आहे. येथें बेंद्रे यांच्या पक्षाची बाजू आम्हांस संपूर्ण पटते.

‘बुधभूषणम्’ ह्या संस्कृत ग्रंथाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. ह. दा. वेलणकर यांनीं १९२६ सालीं तो भांडारकर संस्थेमार्फत छापिला. त्याचा बराचसा भाग जुन्या नीतिग्रंथांतून वेंचलेला. त्यावरून कर्त्याचें शिक्षण व वाचन कळतें, राज्यकारभार कळत नाहीं. कारभार व पराक्रम पाहावयाचे तर १६८३ च्या गोव्याच्या मोहिमेकडे पाहावें. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं पणजीच्या दफ्तरांतून शत्रूच्याच हातचे जे कागद उजेडांत आणिले, त्यांत ह्या राजाची धास्ती ओळीओळींतून दिसते. तेथें कोणी पोर्तुगीज कारकून मराठ्यांची भाटगिरी करीत नव्हता.

परदेशांतील एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ सालीं लढाईंत पडला. त्याच्या मागून आलेल्या ट्यूडर घराण्याच्या आश्रयाखालीं लिहिणारांनीं त्यास वांकड्या पाठीचा, सुकलेल्या हाताचा, पुतण्यांचा मारेकरी असें रंगविलें, आणि शेक्सपिअरच्या नाटकानें तें चित्र अमर केलें. १७६८ सालीं होरेस वॉलपोल यानें त्याविषयीं शंका घेणारें पुस्तक लिहिलें. अलीकडे फिलिपा लँग्ली नांवाच्या बाईंनीं लेस्टर शहरांतील एका मोटारतळाखालीं ह्या राजाची कबर असली पाहिजे असा ध्यास घेतला. त्या व्यवसायानें इतिहाससंशोधक नव्हत्या आणि राजाचा सारा दोष धुऊन निघावा अशी त्यांची इच्छा होती. २०१२ सालीं तेथें खणिलें तेव्हां सांगाडा निघाला. पुढल्या वर्षीं तो रिचर्डचाच असल्याची खात्री झाली. त्याचा हात सुकलेला नव्हता. तो नुसता रंग. पण पाठीचा कणा मात्र खरोखर वांकडा निघाला. शत्रूंनीं लिहिलेलें सर्वच बनावट, असें धरून चालणारांस हें रुचलें नसेल. परंतु ज्या खणण्यानें बाईंचा एकाकी विश्वास खरा ठरला, त्याच खणण्यानें हेंहि बाहेर आलें, आणि एक ठेवून दुसरें परत पुरतां येत नाहीं. बेंद्रे यांच्या ग्रंथाकडे आम्ही ह्याच दृष्टीनें पाहतों. ज्या तारखांनीं भिंत पाडली त्याच तारखा भूपाळगड आपल्यापुढें आणून ठेवितात.

१९६० नंतर चित्र पालटलें. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा प्रबंध १९७१ सालीं निघाला व त्यानें विषय अधिक शास्त्रशुद्ध पायावर आणिला. कोल्हापूरचे डॉ. जयसिंगराव पवार यांनीं संभाजीमहाराजांवरील स्मारकग्रंथ संपादिला. करवीरची गादी राजारामांच्या वंशाची, ज्यांच्यासाठीं सोयराबाईंनीं सारा खटाटोप केला त्यांच्या. त्या राजधानींत हें काम व्हावें, ह्यांत एक गंमत आहे. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ ची. तिच्यावरील हिंदी चित्रपट २०२५ सालीं देशभर गाजला. आणि २०१७ च्या जानेवारींत पुण्यांत गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेच्या पात्रांत टाकण्यांत आला, तो ‘राजसंन्यास’बद्दलच. १९२० सालीं बेंद्रे यांचें मत उच्चारणारा हास्यास्पद ठरला असता. आज त्या मतांतील एखाद्या सांध्याकडे बोट दाखविणारा संकटांत पडतो. दोन्ही वेळां कागद तेच आहेत. लोकमत पालटलें तें कागद वाचून किती आणि पडदा पाहून किती, ह्याचा विचार संशोधनाच्या क्षेत्रांत तरी झाला पाहिजे. चाळीस वर्षें उलट्या प्रवाहांत पोहणाऱ्या माणसाचा ग्रंथ आज प्रवाहांत सोडून दिलेल्या ओंडक्यासारखा वाहत आहे, आणि त्यावर बसणारे हात मारावयास तयार नाहींत.

ह्याचा सर्वांत वाईट परिणाम संग्राहकांवर होतो. रूढ मताच्या विरुद्ध जाणारा कागद रुमालांतून निघाला तर तो पुन्हां रुमालांत जातो. घराण्याची शोभा, गांवांतील बोलणें, कोण कशास अंगावर ओढून घेईल? १९१६ पूर्वीं कारीच्या देशमुखांनीं असाच विचार केला असता तर बेंद्रे यांच्या हातीं काय राहिलें असतें? पन्हाळा व विशाळगड ह्या दोन गडांच्या आसमंतांतील देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व गडकरी घराण्यांस आमची विनंति आहे कीं दोन मुदतींचे कागद त्यांनीं मुद्दाम काढून पाहावे: शके १६०२ चा चैत्र ते आषाढ, आणि शके १६१० चा कार्तिक ते फाल्गुन. पहिल्या मुदतींत रायगड व पन्हाळा ह्या दोन ठिकाणांहून एकाच वतनदारास दोन हुकूम जाण्याचा संभव आहे. अशी एखादी जोडी हातीं लागली, तर वतनदारानें कोणता हुकूम मानिला ह्यावरून हंबीररावांच्या निर्णयामागें मुलखाचें बळ किती होतें तें ठरेल. मग तें महाराजांस अनुकूल ठरो वा प्रतिकूल.

कागद सांपडल्यास त्यावर खळ किंवा चिकटपट्टी लावूं नये, घडी बळें उलगडूं नये, आणि पाठीमागील शेरा व शिक्का यांसह दोन्ही अंगांचें छायाचित्र घ्यावें. ज्या रुमालांत तो होता त्याच रुमालांत त्याच क्रमानें तो ठेवावा. परीक्षेसाठीं संवत्सर आधीं पाहावें: शके १६०२ रौद्र, १६०३ दुर्मति, १६१० विभव. त्यानंतर राज्याभिषेक शक पाहावा. हा शक चैत्रांत पालटत नाहीं, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस पालटतो. तेव्हां शके १६०२ च्या चैत्र-वैशाखांतील अस्सल कागदावर राज्याभिषेक शक ६ असला पाहिजे आणि आषाढांतल्यावर ७. चैत्रांतल्या कागदावर ७ आढळला, तर तो मागाहून कोणी तरी बसून लिहिलेला आहे असें समजून वेगळा काढावा, पण टाकूं नये. तो कोणी व कशासाठीं लिहिला हेंहि शोधण्यासारखें असतें.